डांबराच्या गोळ्या मी काढल्या होत्या

देवीने आपलं ऐकलं, असं मला आयुष्यात एकदाच अगदी ठामपणे वाटलं, आणि नेमकं त्याच वर्षी माझ्यामुळे एका भल्या माणसाला चारचौघांत मान खाली घालावी लागली. अनुभव लिहा म्हटलं की माणसं कृपेबद्दल लिहितात. मलाही कृपेबद्दलच लिहायचंय, पण ती सांगायची तर आधी माझी लबाडी सांगावी लागेल. त्याला इलाज नाही.

आम्ही पुण्याहून अ‍ॅमस्टरडॅमला आलो ते २०१२ साली. सलील, माझा नवरा, झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या कामाला. घर बुइटनव्हेल्डर्टला, ऑफिसपासून सायकलने दहा मिनिटांवर. पुण्यात मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. इथे मी सलीलची बायको आणि ओवीची आई, बास. मुलगी चार वर्षांची होती, डच शाळेत जायला लागली आणि सहा महिन्यांत माझ्या मराठी प्रश्नांना डचमध्ये उत्तरं द्यायला लागली. दिवस लांबच लांब असायचे. अशात आमच्या मजल्यावरच्या बंगाली शेजारणीने मला त्यांच्या दुर्गापूजेला ओढून नेलं आणि मी त्या लोकांत जी अडकले ती अडकलेच.

पहिल्या वर्षी मला धक्काच बसला होता. आमच्याकडे नवरात्रात घट बसतात, उपास असतात, कांदा-लसूणसुद्धा बंद. आणि इथे देवीसमोरच्या हॉलमध्ये नवमीला मटणाचा वास दरवळतोय. मी नाक मुरडलं, हे कबूल करते. पण हळूहळू दिसायला लागलं की या लोकांचं सगळं वर्षच त्या पाच दिवसांना बांधलेलं आहे. आपल्या इथल्या गणपतीसारखं शनिवार-रविवार बघून उरकणं नाही. तिथी बुधवारी आली तर बुधवारी, लोक ऑफिसातून रजा काढतात. एप्रिलमध्ये हॉल ठरवतात, मेपासून नाटकाच्या तालमी, खिचडी कुणाची आणि लाबडा, म्हणजे त्यांची मिश्र भाजी, कुणाचा यावरून भांडणं. एरवी डचमध्ये नाही म्हणणारी पोरं बंगाली कविता घोकत बसतात. आणि दशमीनंतर तर खरी गंमत. कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीपर्यंत, घरोघरी जायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं, नारळाचे लाडू खायचे. याला ते विजया म्हणतात. वर्षभरात कुणाशी वाजलं असेल तर ते या दिवसांत मिटवायचं. ज्याची चूक असेल त्याने पाया पडायचं, दुसऱ्याने लाडू द्यायचा, विषय संपला. मला ही रीत फार आवडली होती. दुसऱ्यांनी पाळलेली रीत आवडायला काय जातं.

मूर्ती मात्र दर वर्षी नवी नसते. ती कोलकात्याहून एकदाच आणलेली. कमरेएवढी, देवी आणि तिची चारही मुलं एकाच चौकटीत, सगळे दागिने आणि मुकुट शोल्याचे. शोला म्हणजे पाणथळ जागेतल्या एका झाडाचा पांढरा गर, थर्माकोलपेक्षाही हलका. दशमीनंतर ती मूर्ती लाकडी खोक्यात बंद करायची आणि कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्षभर ठेवायची. २०१४ साली ते गॅरेजवाले गृहस्थ घर विकून दुसऱ्या गावी गेले. खोकं कुठे ठेवायचं यावर चर्चा चालली होती आणि आमचे सलीलराव, ज्यांचं तोंड डोक्याच्या आधी चालतं, ते म्हणून मोकळे झाले, "आमच्याकडे ठेवा ना." इथे प्रत्येक फ्लॅटला तळमजल्यावर एक कोठी मिळते, सायकली आणि अडगळ ठेवायला. बेर्गिंग म्हणतात तिला. आमच्या दोन सायकली बाहेर आल्या आणि देवी आत गेली.

खोकं भरायचं काम मेशोंचं. मेशो म्हणजे मावशीचा नवरा. सगळी बंगाली मंडळी त्यांना मेशो आणि त्यांच्या बायकोला माशीमा म्हणायची, म्हणून मीही. मेशो सत्तरीचे, शिडशिडीत, जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. वीस वर्षं मूर्ती तेच बांधत होते आणि तेच सोडत होते. देवीचं एकेक बोट मलमलीच्या चिंधीत गुंडाळायचे. सगळं झालं की मलमलीच्याच सहा पुरचुंड्या करून त्यात डांबराच्या गोळ्या बांधून कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवायचे. माझ्याशी ते हिंदीत बोलायचे, बंगाली वळणाच्या. त्या दिवशी आमच्या बेर्गिंगमध्ये शेवटचा स्क्रू पिळून ते म्हणाले, "बेटी, ओल येऊ देऊ नकोस. बाकी काही करायला लागत नाही. मा आत नाहीये, ती दशमीलाच गेली." मी मान हलवली. मला ते नीटसं कळलं नव्हतं.

माझ्या सासूबाईंना तर अजिबात कळलं नाही. फोनवर म्हणाल्या, "अगं, देवी पायांनी चालत घरी आली आणि तू तिला सायकलींच्या जागेत कोंबलीस? दिवा नाही, फूल नाही?" मी हसण्यावारी नेलं. पण जानेवारीत सलीलची नोकरी गेली आणि माझं हसणं बंद झालं. आमचा इथे राहायचा परवाना त्याच्या नोकरीवर. नवी शोधायला तीन महिने, नाहीतर चंबूगबाळं उचलून परत. पुण्यातलं घर भाड्याने दिलेलं, माझी नोकरी तर मीच सोडून आलेली. सलील दिवसभर लॅपटॉपपुढे बसून असायचा. ओवीसमोर आम्ही दोघं मुद्दाम मोठमोठ्याने हसायचो, आणि ती पोर आमच्याकडे टकामका बघत बसायची.

एका सकाळी ओवीला शाळेत सोडून मी सायकलचा पंप घ्यायला बेर्गिंगमध्ये गेले आणि खोक्यासमोर उभी राहून रडले. मग सहज हात जोडले. दुसऱ्या दिवशी उदबत्ती नेली. तिसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर. पुढची खालची फळी दोन स्क्रूंवर होती, ती काढली तर मलमलीआडून देवीचे पाय आणि सिंहाची आयाळ दिसली. आणि डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. मला इतकं वाईट वाटलं. ट्रंकेतल्या जुन्या साड्यांना ठेवतात त्या गोळ्या, देवापुढे? हात घालून मी सहाच्या सहा पुरचुंड्या शोधून काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या. तिथे सुपारी मांडली, अक्षता वाहिल्या, हळद-कुंकू वाहिलं. मंगळवार आणि शुक्रवार धरला. दिवा लावायची हिंमत झाली नाही, सगळं लाकूड. पण गूळ-शेंगदाणे किंवा खडीसाखर न्यायचे. नैवेद्य दाखवून आपण काढून घेतो, हे मला समजतं. तरी चार खडे मी तिथेच ठेवून यायचे. वाटायचं, दिवसभर एकटी असते बिचारी.

आणि एका शुक्रवारी गेले तर खडे नव्हते.

मी कुणाला सांगितलं नाही. सलीललासुद्धा नाही. फळी मी नुसती टेकवून ठेवायचे, ती तशीच होती, बेर्गिंगला कुलूप होतं. पुढच्या मंगळवारी पाच शेंगदाणे मोजून ठेवले. शुक्रवारी एकही नाही, फक्त थोडी टरफलं. अंगावर सर्रकन काटा आला. मी, रसायनशास्त्र शिकवणारी बाई, त्या थंड कोठीत गुडघ्यांवर बसून म्हणत होते, आई, तू घेतेस ना, मग आमचंही बघ. ते सात-आठ आठवडे मी ज्या आनंदात काढले तसा आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. सलील खंगत चालला होता आणि मी मात्र निर्धास्त होते. त्याला माझा राग यायचा, साहजिक आहे. तीन महिने संपायला सहा दिवस उरले असताना त्याला नोकरी लागली. त्याच झुइडासमध्ये, शेजारच्या इमारतीत.

जिवात जीव आला. नंतर मी मे-जूनपर्यंत नैवेद्य चालू ठेवला, आता आभार म्हणून. जुलैत पुण्याला जायच्या आधी फळी पुन्हा बसवली, स्क्रू पिळले, हात जोडले. सुपारी आत राहिली, कुंकू राहिलं. तेवढं तरी तिच्यापाशी असावं असं मला वाटलं.

पूजेच्या पंचमीला सकाळी हॉलमध्ये खोकं उघडलं. मी फुलांची टोपली घेऊन जवळच उभी होते, अगदी समोर, कारण माझ्या देवीचं तोंड मला सगळ्यांच्या आधी बघायचं होतं. मेशोंनी वरची फळी उचलली आणि तसेच थांबले. मलमलीच्या चिंध्या चिंध्या झाल्या होत्या. देवीचा मुकुट अर्धा उरला होता. लक्ष्मीचे दागिने गेले होते, सरस्वतीची वीणा गेली होती, आणि खाली सगळीकडे शोल्याचा भुगा आणि उंदरांच्या लेंड्या. या शहरात घरोघरी उंदीर आहेत, ते मला काय माहीत नव्हतं? आमच्या स्वयंपाकघरात मीच पिंजरा लावला होता. पण त्या शुक्रवारी ते माझ्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर मी येऊ दिलं नाही.

मंडळाचा सेक्रेटरी पस्तिशीचा, तापट नाही पण स्पष्ट बोलणारा. तो म्हणाला, "मेशो, या वेळी गोळ्या टाकल्या नव्हत्या का?" मेशो वाकले, खालच्या कोपऱ्यात हात घातला आणि काहीतरी उचललं. मूठ मिटायच्या आधी मला दिसलं. सुपारी होती. बोटाच्या टोकाला कुंकू लागलं होतं. बंगाल्यांचा सिंदूर वेगळा, नारिंगी झाक असलेला. हे आमचं कुंकू, पुण्याहून आणलेलं. वीस वर्षं देवीचं बोटन्‌बोट बांधणाऱ्या माणसाला तो फरक कळत नसेल असं नाही. मूठ तशीच पँटच्या खिशात गेली. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "विसरलो असेन. वय झालं आता."

पाच पावलांवर होते मी. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी फुलांची टोपली या हातातून त्या हातात घेतली.

शोला इथे मिळत नाही. कुणीतरी सुपरमार्केटमधून केकखाली ठेवायच्या जाळीदार पांढऱ्या कागदांची पाकिटं आणली आणि दुपारभर पंधरा-वीस बायका जमिनीवर बसून मुकुट कापत होत्या. मीही कापत होते. माझा हात त्यातल्या त्यात चांगला, सगळ्यांनी कौतुक केलं. माशीमा माझ्या शेजारीच. कात्री चालवता चालवता त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "वीस वर्षांत हा माणूस एकदा विसरला नाही गं. माझा वाढदिवस विसरतो, औषध विसरतो, पण हे नाही." डोळ्यांतून पाणी कागदावर पडलं तसं त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी." हे माझे शब्द. ते मी आजवर विसरलेले नाही.

का बोलले नाही? हसं होईल म्हणून, हे तर होतंच. मराठी बाईने देवीला खाऊ घालता घालता उंदीर पोसले, असं लोक वर्षानुवर्षं सांगत बसले असते. पण आत दुसरंच होतं. मी कबूल केलं असतं तर माझी साक्षात्कारी देवी म्हणजे चार उंदीर, हे मला स्वतःला कबूल करावं लागलं असतं. ते मला नको होतं. आपली श्रद्धा वाचवायला मी एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू पणाला लावली, आणि ती वाचवतेय असंही मला तेव्हा वाटत नव्हतं. मला फक्त वाटत होतं की पूजा होऊन जाऊ दे, मग सांगू.

अष्टमीलाच ठरलं की पुढच्या वर्षीपासून बांधाबांध तरुण मंडळी करतील, झाकणवाल्या प्लास्टिकच्या पेट्यांतून. मेशोंना फुलं दिली, टाळ्या वाजवल्या. ते हसून मान हलवत राहिले. दशमीला बंगाल्यांकडे आरशाचा विधी असतो. देवीसमोर पाण्याने भरलेलं परातीसारखं भांडं ठेवतात आणि त्यात आरसा असा धरतात की देवीचे पाय पाण्यात दिसतात. लोक एकेक करून वाकून ते पाय बघतात, तोच निरोप. गर्दीत मी मागे होते. मेशोंनीच हाताने बोलावलं. "दिसतात का पाय?" मी वाकले. दिसले, हलत होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "या वाटेने ती जाते. खोक्यात राहते ती तिची छबी. तिला भूक लागत नाही, बेटी." मग थोडं थांबून, "पण वर्षभर कुणीतरी तिला जेवलीस का विचारलं. मला बरं वाटलं."

मी म्हटलं, "मेशो, मला तुम्हाला सांगायचंय." ते म्हणाले, "इथे नाही. विजयेला घरी ये. चहा पिऊ, मग सांग." तेवढ्यात मागून लोकांचा लोंढा आला आणि सगळे त्यांच्या पाया पडायला लागले. मी पडले की नाही, ते मला खरंच आठवत नाही.

त्यांचं घर आमच्यापासून सायकलने सात मिनिटं. दशमी ते कालीपूजा, जवळजवळ वीस दिवस. मी गेले नाही. एकदा ओवीला सर्दी, एकदा पाऊस, मग चकलीची भाजणी, मग सलीलच्या ऑफिसातली माणसं जेवायला. एकदा तर त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, खिडकीत पाहुणे दिसले आणि सायकल वळवली. एकट्याने भेटलं पाहिजे, असं स्वतःला सांगितलं. मग दिवाळी झाली. एवढे दिवस जायला निमित्त होतं, आता बेल वाजवायची तर आधी कारण सांगावं लागणार, म्हणून आणखी लांबलं. फेब्रुवारीत मेशो गेले. हृदयविकाराने, दोन दिवसांत. दहनाला तुडुंब गर्दी होती, मी शेवटच्या रांगेत उभी होते.

एप्रिलमध्ये पूजेची पहिली बैठक झाली. माशीमाही आल्या होत्या, पांढऱ्या साडीवर राखाडी कोट घालून. हॉलचा विषय संपला तेव्हा मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गोळ्या मी काढल्या, खाऊ मी ठेवला, मेशोंना ठाऊक होतं आणि त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं. हिंदी बोलता बोलता मराठीत घसरले, पण सगळ्यांना समजलं असावं. कुणी हसलं नाही. सेक्रेटरी म्हणाला, "जाऊ दे दीदी, आता काय त्याचं. आता पेट्या प्लास्टिकच्याच आहेत." आणि पुढचा विषय निघाला, जेवणाचा. ज्याने ऐकायला हवं होतं तो नव्हता, बाकीच्यांना त्याची गरज नव्हती. मी खाली बसले.

बाहेर कोट चढवताना माशीमा जवळ आल्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पंचमीलाच रात्री त्याने खिशातून सुपारी काढून दाखवली. मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर सांगते. तर म्हणाला, नाही, ती आपण होऊन येईल, तिला येऊ दे. कालीपूजेपर्यंत रोज संध्याकाळी तो दाढी करून बसायचा. मला लाडू संपवू द्यायचा नाही. मुलगी येणार आहे म्हणायचा."

मी त्यांचे पाय धरले तिथेच, ओल्या बुटांवर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं, पण जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "त्याने तुला केव्हाच माफ केलं होतं. मी अजून केलेलं नाही. विजयेला येत जा. बघू."

ती नोकरी देवीने दिली की मिळायची होती म्हणून मिळाली, हे मला माहीत नाही. पूर्वी मी रात्रंदिवस त्याचा कीस काढला असता, आता काढत नाही. देवीकडे मी मागितलं आणि मला ते मिळालं, इतकं खरं. पण ती आपल्याकडेही काही मागते, हे माझ्या गावीच नव्हतं. ती मागत होती ते सात मिनिटांवरच्या घराची बेल वाजवणं, आणि मी तेवढं सोडून बाकी सगळं तिला देत होते. शरण जायचं म्हणजे हात जोडून डोळे मिटायचे अशी माझी समजूत. डोळे उघडे ठेवून माणसासमोर उभं राहायचं आणि मी केलं म्हणायचं, हे मला जमलं नाही, आणि ज्याच्यासमोर जमायला हवं होतं तो माणूस वीस दिवस दाढी करून वाट बघत बसला.

त्यानंतर दर वर्षी मी दशमीच्या दुसऱ्याच दिवशी जाते. सासूबाईंना फोन करायच्याही आधी. माशीमा दार उघडतात. मी पाया पडते, त्या लाडू देतात, आम्ही चहा पितो, मेशोंबद्दल बोलतो, कधी काहीच बोलत नाही. माफ केलं का, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही आणि विचारायचा मला हक्क नाही. त्या दार उघडतात, एवढ्यासाठीच मी देवीची ऋणी आहे.